आर्चबिशपांचे उसने अंथरूण



८ सप्टेंबरला आपण पवित्र मारियेचा जन्मदिन साजरा करतो. आपल्यापैकी अनेकजण त्या आठवड्यात बांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेला जातात, मेणबत्त्या लावतात, नवस फेडतात. याच तारखेला, १५५५ साली, स्पेन देशातील व्हॅलेन्सिया शहरात एक आर्चबिशप देवाघरी गेले. ज्या बिछान्यावर त्यांनी प्राण सोडला तो त्यांचा स्वतःचा नव्हता. मरणापूर्वी त्यांनी तो तुरुंगाच्या रखवालदाराला देऊन टाकला होता आणि मरेपर्यंत वापरू दे, अशी विनंती करून त्याच्याचकडून उसना घेतला होता.

या आर्चबिशपांचे नाव व्हिलानोव्हाचे संत थॉमस. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना मी त्यांचे चरित्र प्रथम वाचले. त्याच दिवसांत आम्हाला ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र शिकवले जात होते. औदार्य हा सद्गुण दोन अवगुणांच्या मधोमध उभा असतो, एका बाजूला उधळपट्टी आणि दुसऱ्या बाजूला कंजूषपणा, असा तो धडा. मला प्रश्न पडला, की अंगाखालचा बिछाना देऊन टाकणारा हा माणूस मध्यावर कुठे उभा आहे? हा तर एका टोकाला जाऊन पडला आहे! या प्रश्नाचे उत्तर मला त्या पुस्तकापेक्षा संत थॉमस यांच्या आयुष्यातच नीट सापडले. म्हणून आज ते आयुष्य तुमच्यापुढे ठेवतो.

पिठाच्या घरातला मुलगा

थॉमस यांचा जन्म १४८६ च्या सुमारास स्पेनमधील फुएनयाना या खेड्यात झाला. त्यांचे बालपण जवळच्या व्हिलानुएवा गावात गेले आणि त्या गावाचेच नाव पुढे त्यांना चिकटले. वडिलांची पिठाची चक्की होती. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण श्रीमंतीचा डौल नव्हता. आईवडील दोघेही गोरगरिबांना पीठ द्यायचे. मुलगा रोज ते पाहत होता. शाळेत जाताना अंगावर असलेला कपडा घरी परत येईलच, असे नव्हते. वाटेत एखादा उघडा मुलगा दिसला की थॉमस आपला कपडा त्याच्या अंगावर चढवून मोकळा व्हायचा.

त्यांच्या लहानपणची एक गोष्ट चरित्रकार आवडीने सांगतात. एकदा आई घरी नसताना सहा भिकारी दारात आले. घरात भाकरी नव्हती. अंगणात कोंबडी आपल्या पिलांना घेऊन फिरत होती. थॉमसने एकेकाला एकेक पिलू देऊन टाकले. आई आल्यावर तिने विचारले, तेव्हा त्याने सरळ सांगितले, की सातवा आला असता तर त्याला कोंबडीच दिली असती.

गोष्ट गोड आहे. पण जरा थांबून विचार केला तर लक्षात येते, की ती पिले थॉमसची नव्हती, आईची होती. आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. त्या पोराचे मन मोठे होते यात शंका नाही. पण मोठे मन असणे वेगळे आणि औदार्याचा सद्गुण अंगी बाणणे वेगळे. पहिले जन्मजात असू शकते. दुसरे शिकावे लागते, जसे सुतार रंधा मारायला शिकतो. कोणाला द्यायचे, किती द्यायचे, केव्हा द्यायचे आणि मुख्य म्हणजे ते कोणाचे आहे, हे सारे शिकल्यावरच देणे हा सद्गुण होतो. थॉमस पुढे आयुष्यभर हेच शिकत गेले.

प्राध्यापक आणि व्रतस्थ

तरुण वयात ते आल्काला येथे शिकायला गेले. कार्डिनल सिस्नेरोस यांनी तिथे नवे विद्यापीठ उभे केले होते. थॉमस शिकले आणि तिथेच तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान शिकवू लागले. गंमत म्हणजे या हुशार प्राध्यापकांची स्मरणशक्ती बेताची होती आणि ते विसरभोळे म्हणून प्रसिद्ध होते. तरीही त्यांच्या वर्गात गर्दी होत असे, कारण बुद्धी स्वच्छ होती आणि सांगणे सोपे होते. सालामांका या नामांकित विद्यापीठात त्यांना जागा देऊ करण्यात आली. ते सालामांकाला गेले, पण प्राध्यापक व्हायला नव्हे. १५१६ साली तिथल्या संत ऑगस्टीन यांच्या संघात त्यांनी प्रवेश घेतला. जुन्या गोव्यात ज्या भव्य चर्चचा पडका मनोरा आपण सहलीत पाहतो, ते चर्च पुढे याच संघाने बांधले.

१५१८ साली ते धर्मगुरू झाले. त्यानंतर मठाधिपती, मग प्रांताधिकारी अशा जबाबदाऱ्या त्यांच्यावर येत गेल्या. संघाचे पहिले मिशनरी १५३३ साली मेक्सिकोला गेले, ते त्यांनीच पाठवलेले. सम्राट पाचवे चार्ल्स त्यांची प्रवचने ऐकायला उत्सुक असत. त्यांनी थॉमस यांना ग्रानाडाचे आर्चबिशपपद देऊ केले, तेव्हा थॉमस यांनी ते नाकारले. पुढे १५४४ साली व्हॅलेन्सियासाठी त्यांचे नाव आले. याही वेळी त्यांची तयारी नव्हती. पण वरिष्ठांनी आज्ञापालनाच्या व्रताची आठवण करून दिल्यावर त्यांचा नाइलाज झाला.

व्हॅलेन्सियातील दहा वर्षे

१ जानेवारी १५४५ रोजी नव्या आर्चबिशपांचे व्हॅलेन्सियात स्वागत झाले. संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात येऊन तेव्हा पुरती तीन वर्षेही झाली नव्हती, म्हणजे काळ आपल्याला परका नाही. लोकांनी पाहिले, की आर्चबिशपांचा झगा विटलेला आहे आणि टोपी कित्येक वर्षांची जुनी आहे. कॅथेड्रलच्या धर्मगुरूंना फार वाईट वाटले. घरात सामानसुमान घ्यावे म्हणून त्यांनी चार हजार डुकाट जमवून दिले. डुकाट हे त्या काळचे सोन्याचे नाणे. थॉमस यांनी मनापासून आभार मानले आणि ती सगळी रक्कम शहरातल्या रुग्णालयाकडे पाठवून दिली. रुग्णालयाच्या इमारतीची दुरुस्ती अडली होती. आपल्यासारख्या साध्या व्रतस्थाला सामान कशाला हवे, असे त्यांचे म्हणणे होते.

पदभार घेतल्यावर ते तुरुंग पाहायला गेले. आर्चबिशपांच्या अखत्यारीत असलेल्या तळघरातल्या अंधारकोठड्या त्यांनी बंद करून टाकल्या. मग धर्मग्रामांच्या भेटी सुरू झाल्या.

आता पैशांकडे येऊ. त्या धर्मप्रांताचे वार्षिक उत्पन्न सुमारे अठरा हजार डुकाट होते. त्यातला दोन तृतीयांशाहून कमी नाही इतका भाग थॉमस दर वर्षी गरिबांवर खर्च करत. पुढच्या वर्षासाठी मागे काही ठेवत नसत. रोज शेकडो माणसे त्यांच्या दारात जेवत आणि जाताना प्रत्येकाच्या हातावर एक नाणेही ठेवले जाई. रस्त्यावर टाकून दिलेल्या बाळांना ते घरी आणवत. अशी बाळे शोधून आणणाऱ्यांना ते बक्षीस देत आणि बाळांना दूध पाजायला दाया ठेवत. १५५० साली चाच्यांनी किनाऱ्यावरचे कुलेरा गाव लुटले आणि लोकांना पकडून नेले. तेव्हा कैद्यांच्या सुटकेसाठी त्यांनी मोठी रक्कम पाठवली, सोबत लुटल्या गेलेल्या लोकांसाठी कापडही पाठवले. त्याच वर्षी त्यांनी गरीब विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह-महाविद्यालय स्थापन केले.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की फादर, हे तर सैल हाताचे काम झाले, हिशेब कुठे आहे? हिशेब होता आणि तो कडक होता.

घासाघीस करणारा दाता

आर्चबिशप आपले कपडे स्वतः शिवत, ठिगळे स्वतः लावत. एका कारागिराकडे त्यांनी आपला जुना अंगरखा दुरुस्तीला दिला आणि मजुरीवरून बरीच घासाघीस केली, असे सांगतात. कारागीर मनात म्हणाला असेल, की एवढा मोठा माणूस आणि दमडीसाठी इतका चिकटपणा! पुढे या कारागिराच्या मुलींची लग्ने पैशांवाचून अडली. त्या काळी तिथे मुलीला काही दिल्याशिवाय लग्न होत नसे. कोणीतरी त्याला आर्चबिशपांकडे जायला सांगितले. तो जायला तयार नव्हता. घासाघीस त्याच्या लक्षात होती. शेवटी कसाबसा गेला. थॉमस यांनी चौकशी केली आणि त्याने मागितले त्यापेक्षा जास्तच दिले. आपण मजुरीवरून का वाद घातला, हेही त्याला समजावून सांगितले. स्वतःवर एक नाणे जास्त खर्च झाले तर ते कोणातरी गरिबाच्या वाट्यातून जाते, असा त्यांचा हिशेब होता.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला या गोष्टीत मिळाले. औदार्य आणि काटकसर या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. त्या सख्ख्या बहिणी आहेत. स्वतःवर सढळ हाताने उधळणाऱ्याकडे दुसऱ्याला द्यायला उरतेच किती? आणि जो स्वतःवरही खर्च करत नाही, दुसऱ्यावरही करत नाही, त्याची काटकसर वांझ राहते. थॉमस यांनी जपलेली दमडी कारागिराच्या घरी लग्नाच्या जेवणात पोहोचली. कंजुषाची दमडी पेटीतच गंजते.

संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलचा हा विचार पुढे नेला आहे. औदार्याचे काम हातापेक्षा आधी मनात चालते, असे ते शिकवतात. पैशांविषयीची आपली ओढ आवरून धरणे हे या सद्गुणाचे पहिले काम आहे. ओढ आवरलेली असली की माणूस योग्य जागी सोडू शकतो आणि योग्य जागी राखूही शकतो. म्हणून किती दिले यावर औदार्य मोजता येत नाही. ज्याच्याजवळ थोडे आहे त्याचे थोडेच फार असते. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेकडे प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष वेधले, ते याच कारणासाठी.

फसवणारे आणि न मागणारे

आर्चबिशपांच्या दारात जेवायला येणाऱ्यांत काही आळशी आणि लबाड लोकही होते. तशी तक्रार त्यांच्याकडे झाली. त्यांचे उत्तर असे होते, की लबाडांना शोधणे हे शहराच्या अधिकाऱ्यांचे काम आहे, दारात आलेल्याला मदत करणे हे माझे. एखादा फसवेल या भीतीने दार बंद केले तर खरा भुकेला उपाशी जाईल. फसले जाण्याचा तोटा त्यांनी डोळे उघडे ठेवून पत्करला.

मात्र ते एवढ्यावर थांबले नाहीत. शहरात अशी अनेक कुटुंबे होती, जी चांगल्या दिवसांतून वाईट दिवसांत आली होती आणि लाजेपोटी हात पसरू शकत नव्हती. प्रत्येक धर्मग्रामातून अशा कुटुंबांची माहिती ते मिळवत आणि गाजावाजा न करता त्यांच्या घरी मदत पोहोचवत. शिवाय आज दिलेली भाकरी उद्या पुन्हा मागावी लागते, हे त्यांना दिसत होते. मागण्याची वेळच येऊ नये, माणूस आपल्या पायावर उभा राहावा, यातच खरे दान आहे, असे त्यांचे मत होते. म्हणून ते माणसाला काम मिळेल असे पाहत.

थोडक्यात सांगायचे तर, कोंबडीची पिले वाटणारा तो मुलगा आता शहाणा झाला होता. मन तेवढेच मोठे होते, पण आता त्याला डोळे आले होते. आणि आणखी एक गोष्ट त्याला कळली होती. पिले आईची होती, तसे हे अठरा हजार डुकाटही आपले नाहीत. ते गरिबांचे आहेत आणि आपण फक्त सांभाळणारे आहोत. म्हणूनच ते पैसे स्वतःवर उधळणे किंवा दाबून ठेवणे, दोन्ही त्यांना सारखेच अन्यायाचे वाटत असे.

शेवटचा हिशेब

१५५५ च्या ऑगस्टच्या शेवटी ते आजारी पडले. आपला अंत जवळ आला हे त्यांनी ओळखले. घरात जेवढे पैसे होते तेवढे सगळे गरिबांना वाटून टाकायला त्यांनी सांगितले. ते वाटून झाल्याची खात्री केली. घरातले सामान त्यांनी आपल्या महाविद्यालयाच्या रेक्टरकडे सोपवले. उरला तो अंगाखालचा बिछाना. तो त्यांनी कैद्यांच्या उपयोगासाठी तुरुंगाच्या रखवालदाराला दिला आणि मग उसना घेतला.

आता विचार करा, यात उधळपट्टी कुठे आहे? काहीही वाया गेलेले नाही. पैसे गरिबांकडे गेले, सामान विद्यार्थ्यांकडे गेले, बिछाना कैद्यांकडे जाणार होता. ज्याला झोपायला जागा हवी होती त्या आजाऱ्यालाही शेवटपर्यंत ती मिळाली. प्रत्येक वस्तू जिथे कामाची होती तिथे पोहोचली. हा चोख हिशेब आहे. त्यात एकच गोष्ट शिल्लक ठेवलेली नाही, ती म्हणजे माझे हा शब्द.

पोप सातवे अलेक्झांडर यांनी १ नोव्हेंबर १६५८ रोजी त्यांना संतपद दिले. चित्रकार मुरिलो यांनी त्यांची भिक्षा देतानाची चित्रे काढली. अमेरिकेत त्यांच्या नावाचे विद्यापीठ १८४२ पासून चालू आहे.

आपल्या धर्मग्रामात

बंधुभगिनींनो, आता थोडे आपल्याविषयी. आणि सुरुवात माझ्यापासून करतो.

गेल्या पावसाळ्यात एक भगिनी मुलाच्या फीसाठी मदत मागायला माझ्याकडे आल्या. चर्चमधील गरिबांच्या पेटीत पैसे होते. मी त्यांना पावती आणा, पत्र आणा, झेरॉक्स आणा असे करत तीन हेलपाटे घालायला लावले. चौथ्यांदा त्या आल्या नाहीत. आपण किती काळजीपूर्वक कारभार करतो, असे समाधान मला वाटत होते. त्याच महिन्यात सणाच्या रोषणाईचे बिल माझ्यापुढे आले. त्यावर मी आकडा नीट न वाचता सही केली.

हे संत थॉमस यांच्या अगदी उलट झाले. जिथे घासाघीस करायला हवी होती तिथे मी हात सैल सोडला आणि जिथे हात सोडायचा तिथे मूठ आवळली. ॲरिस्टॉटलनेही हे हेरले आहे, की उधळपट्टी आणि कंजूषपणा पुष्कळदा एकाच माणसात शेजारी-शेजारी राहतात. मला वाटायचे हे पुस्तकातले आहे. उशिरा का होईना, मी त्या भगिनींच्या घरी गेलो. फी भरून झाली होती. त्यांनी व्याजाने पैसे काढले होते. त्यांनी मला चहा दिला. तो चहा घशाखाली उतरायला मला फार वेळ लागला. ते कर्ज आता पेटीतून फिटले आहे. पण तीन हेलपाटे काही परत घेता येत नाहीत.

आपल्या घरांतही हे घडत असते. लग्न आले की ऋण काढून सण करतो. शेजाऱ्याने दोन पदार्थ जास्त केले, तर आपण चार करतो, आणि उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी खड्ड्यात जाते. तेच आपण भांडी घासणाऱ्या बाईचा पगार शंभर रुपयांनी वाढवताना दहा वेळा विचार करतो. भाजीवालीशी पाच रुपयांसाठी भांडतो. घासाघीस करूच नये, असे मी म्हणत नाही. आर्चबिशपही करत होते. पण वाचवलेले पाच रुपये कुठे जातात, एवढे स्वतःला विचारावे. उत्तर देता आले तर ती काटकसर. देता आले नाही तर तिला दुसरे नाव आहे.

एक विनंती करून थांबतो. आपल्या वाड्यात, आपल्या इमारतीत असे एखादे घर असेल, जे कधीच मागायला येणार नाही. कोणाची नोकरी गेली असेल, कोणाच्या घरी दीर्घ आजार असेल, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारणारे कोणी नसेल. अशा घराची माहिती मला मिस्सानंतर एकट्याने येऊन सांगा. चिठ्ठी नको, पत्र नको, झेरॉक्स तर नकोच. नाव माझ्याजवळ राहील आणि मी स्वतः त्या घरी जाईन. यंदा सणाच्या रोषणाईचे बिल मात्र मी अगदी ओळ न ओळ वाचणार आहे, हे मंडपवाल्यांनीही लक्षात ठेवावे.

संत थॉमस यांच्या मध्यस्थीने प्रभू येशू आपल्याला जपणारा हात आणि सोडणारा हातही देवो, आणि कोणता केव्हा उघडायचा हे समजण्याची बुद्धी देवो.

प्रभू येशूठायी आपला,
धर्मगुरू